शिक्षणक्षेत्रात कार्यरत

आमच्याकडे माणसाला नोकरी मिळत नाही, माणूस लागतो. भडगावच्या बाजारात कुणीही कुणालाही थांबवून विचारतं, पोरगा लागला का? लागला म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि विषय संपतो. कुठे लागला, कशावर लागला हे कुणी खोलात विचारत नाही, कारण लागला म्हणजे कायमचा लागला, असंच सगळे धरून चालतात. या हिशेबाने मी चौदा वर्षांपूर्वी लागले. निदान माझ्या वडिलांनी, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, गावात तसं सांगितलं. मी ते खोडून काढलं नाही. पुढचं सगळं त्यातूनच झालं, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

धुळ्याच्या ज्या मिशनच्या कॉलेजात मी शिकले तिथे ऑनर्सचा एक वेगळा वर्ग होता, अजून आहे. दरवर्षी बारा जणांना घ्यायचे. सकाळी सातला, प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत, बाकीचं कॉलेज उघडायच्या आधी हा वर्ग भरायचा. आम्हाला जास्तीची पुस्तकं, जास्तीचे निबंध, आणि ग्रंथालयात हवं ते कपाट उघडायची मुभा. सगळे आम्हाला निवडलेले म्हणायचे. गिरणाकाठच्या खेड्यातून आलेल्या मुलीला 'निवडलेली' म्हटलं की तिच्या डोक्यात काय जातं ते मला चांगलं ठाऊक आहे. मी आमच्या तुकडीत पहिली आले. पुढे एम.ए. केलं, प्राध्यापक व्हायला लागते ती पात्रता परीक्षाही पास झाले, आणि त्याच कॉलेजात इतिहास शिकवायला परत आले. तासिका तत्त्वावर.

हे तत्त्व फार सुंदर आहे. जेवढे तास शिकवाल तेवढ्यांचे पैसे. दिवाळीत तास नाहीत, उन्हाळ्यात तास नाहीत, परीक्षांच्या काळात नाहीत, आणि आजारी पडायचं तर रविवार बघून पडावं. दर जूनमध्ये माझीच जागा भरण्यासाठी माझीच मुलाखत होते. समोर बसलेले मला विचारतात की तुम्हाला शिकवण्याचा काही अनुभव आहे का. पहिली दोन वर्षं मला हसू यायचं. माझी सही कायमच्या लोकांच्या हजेरीबुकात नाही, वेगळ्या वहीत असते. पोरं मात्र दोघांनाही मॅडमच म्हणतात, त्यांना कुठे वह्या दाखवतो आपण? लग्नाचंही असंच झालं. स्थळं यायची, पर्मनंट झाल्या की बघू म्हणायची, मग यायची थांबली. दरवर्षी कुणीतरी सांगायचं की यंदा भरती निघणार आहे, आणि मी दरवर्षी विश्वास ठेवायची. आशा वाईट असते. ती नसती तर मी तिसऱ्या वर्षीच शिलाई मशीन घेतलं असतं आणि सुखी झाले असते.

मला घेतलं त्याच वर्षी आबा कापणीच्या सणाला आले. कापणीचा सण म्हणजे ख्रिस्ती लोकांचा. शेतातलं पहिलं पीक प्रार्थनामंदिरात आणून ठेवायचं, उपासना झाली की त्या वस्तूंचा बाहेर लिलाव करायचा. आमच्या कॉलेजात या दिवशी ऑनर्सच्या माजी विद्यार्थ्यांची कामगिरीही वाचून दाखवतात. कोण अधिकारी झाला, कोण परदेशी गेला. कॉलेजचं पहिलं पीक ते, असं मंदिराचे पाळक म्हणत. आबा पारोळ्याला एसटी बदलून, खांद्यावर केळीचा अख्खा घड घेऊन आले. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि हात जोडून पहिल्या रांगेत बसले. माझं नाव वाचलं गेलं. पुढे वाचलं, शिक्षणक्षेत्रात कार्यरत. आबांनी मागे वळून अनोळखी माणसांकडे पाहिलं.

घोटाळा लिलावात झाला. आबांना लिलाव म्हणजे केळीचा लिलाव एवढंच माहीत. त्यांच्या घडाला कुणीतरी अगदी पडेल बोली लावली, आणि व्यापारी भाव पाडतोय असं समजून ते उठले आणि स्वतःच चढी बोली बोलले. समोरचा गमतीने चढला, आबा रागाने चढले. शेवटी स्वतःचाच घड सावद्याच्या केळीबाजारातही मिळणार नाही अशा भावाने विकत घेऊन ते परत निघाले. सगळे हसत होते, मीही हसले. गावी गेल्यावर त्यांनी तो घड पिकवला आणि घरोघरी केळी वाटली. प्रत्येक दारात एकच वाक्य: "मन्ही पोर कॉलेजमा लागनी." माझ्या भावाची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, ती त्यांच्या बोटाला धरून सगळीकडे फिरली. हे मला फोनवर आईने सांगितलं. तेव्हा म्हणायला हवं होतं की आई, हे तात्पुरतं आहे. मला वाटलं, एका वर्षाचा प्रश्न आहे, तोवर कशाला बोला. झाकली मूठ सव्वा लाखाची. चौदा वर्षं मूठ आवळून धरली की बोटं उघडत नाहीत, हे त्या म्हणीत सांगितलेलं नाही.

ती कामगिरीची यादी पुढे माझ्याच गळ्यात पडली. ऑनर्सवाल्यांना फोन करायचे, विचारायचं, आणि एक पुस्तिका काढायची. फुकट काम तासिकेवाल्यांकडेच येतं. त्या फोनांनी मला जे शिकवलं ते सातच्या वर्गाने शिकवलं नव्हतं. दोनचार जण खरोखर मोठे झाले होते, त्यांच्याशी बोलणं दोन मिनिटांत संपायचं. बाकीचे आधी फोन उचलायचे नाहीत, आणि उचलला की म्हणायचे, माझं काय लिहिता, राहू द्या. एक जण पारोळ्याच्या मार्केट यार्डात मापाडी होता. मी लिहिलं, कृषी विपणन क्षेत्रात. आमच्या तुकडीतली एक, फ्रेंच राज्यक्रांतीवर माझ्यापेक्षा सरस निबंध लिहिणारी, सासरी केळीचे वेफर तळत होती. अन्नप्रक्रिया उद्योगात सक्रिय. एक जण काहीच करत नव्हता, त्याची आई म्हणाली, तो बोलतच नाही कुणाशी. त्याच्यापुढे मी चिंतन व लेखन असं लिहिलं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, पण प्राचार्य खूष झाले. म्हणाले, मॅडम, तुमच्याकडे भाषा आहे. माझ्याकडे तेवढीच होती. स्वतःपुढे मी दरवर्षी तेच जुनं वाक्य लिहीत राहिले आणि पुस्तिकेची एक प्रत दरवर्षी घरी पाठवत राहिले. आबा ती देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवत.

गेल्या वर्षी भावाची ती मुलगी बारावी झाली. मला ती फुई म्हणते, आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. शांत पोर, हाताने नीटनेटकी, आजीच्या पायाची जखम धुवायला घरात तीच पुढे व्हायची. जळगावला नर्सिंगला तिचा नंबर लागला. मला इतका आनंद झाला की मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. नर्सिंग झालेली मुलगी खरोखर लागते. मग आबांचा फोन आला. नर्सिंगबिर्सिंग काही नको, तिची मुलाखत तुमच्याकडे ऑनर्सला ठेवली आहे, लेखी परीक्षा ती गुपचूप देऊन गेली आहे आणि पासही झाली आहे. तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता, म्हणाले. मी म्हटलं, आबा, नर्सिंग चांगलं असतं. ते म्हणाले, "तिले बी तुन्हासारखं करनं शे. तू शेस ना तठे."

मी रविवारी गावी गेले, सांगायचंच म्हणून गेले. एसटीत वाक्य पाठ केलं होतं. ओट्यावर आबा बसले होते, शेजारचे दोघे बसले होते, आणि आबा त्यांना पुस्तिकेतलं माझं नाव बोटाने दाखवत होते. मी आत जाऊन पाणी प्याले. नंतर मुलीला बाजूला घेऊन विचारलं, तुला स्वतःला काय हवंय? ती म्हणाली की नर्सिंग आवडलं असतं, पण तुझ्यासारखी झाले तर आबांना बरं वाटेल, आणि मलाही. मी वरणबट्टी खाऊन, न सांगता परत आले. भित्रेपणाला मी थकवा म्हणायला शिकले होते, तेवढी भाषा माझ्याकडे होती.

मुलाखत शुक्रवारी होती आणि जळगावच्या प्रवेशाची मुदत पुढच्या मंगळवारी संपत होती. हे चार दिवस मला देवाने दिल्यासारखे वाटले. मुलाखतीला प्राचार्य, एक ज्येष्ठ प्राध्यापक आणि मदतीला मी. नात्यातली मुलगी आहे हे मी प्राचार्यांना सांगितलं. ते म्हणाले, मग तर तुम्ही जास्तच कडक राहाल, बसा. ती आत आली, ओढणी सारखी केली, आणि मला बघून तिच्या चेहऱ्यावरची भीती गेली. उत्तरं चांगली दिली. गिरणेच्या पाटपाण्याबद्दल तर तिने असं काही सांगितलं की ज्येष्ठ प्राध्यापक पुढे सरकून ऐकू लागले. मी माझ्या रकान्यात तिला इतके कमी गुण दिले की त्या दोघांनी भरभरून देऊनही ती पहिल्या बारांत बसू नये. बेरीज मीच केली. ती चौदावी आली. मला हलकं वाटलं. आता ती जळगावला जाईल, चार वर्षांत लागेल, आणि मला कुणाला काही सांगावंही लागणार नाही. दोन्ही कामं एका लेखणीत उरकली म्हणून मी स्वतःवर खूष होते. त्या संध्याकाळी मी स्वतःसाठी जिलबी घेतली हे लिहायलाही लाज वाटते.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. शनिवारी गुणांसकट यादी लागली, रविवारी भावाचा फोन आला की पोर जेवत नाही आणि जळगावलाही जायचं नाही म्हणते. सोमवारी तास सोडून मी गावी गेले. ती मागच्या पडवीत भरताची वांगी भाजत बसली होती. आबाही तिथेच खाटेवर होते. मला बघून नेहमीसारखे उठले नाहीत. मी तिला समजावलं की ऑनर्सचं काही मोठं नाही, नर्सिंगला जा, उद्या शेवटचा दिवस आहे. ती म्हणाली की तिथे सगळं इंग्रजीत असतं, मला जमायचं नाही. मी म्हटलं, तुला जमेल, तू हुशार आहेस. ती वांगं उलटवत राहिली. मी पुन्हा म्हटलं, अगं, मी सांगते ना तू हुशार आहेस, त्या गुणांवर जाऊ नकोस. तेव्हा तिने वर पाहिलं. रागाने नाही. मी तिची समजूत काढायला खोटं बोलते आहे असं तिला वाटलं, आणि माझीच कीव आल्यासारखी ती हळू बोलली.

"फुई, तूच तर बशेल व्हती तठे. तू काय खोटा मार्क देशी?"

आबांनी मान हलवली. म्हणाले, हां, ती खोटं करणार नाही. ते माझी बाजू घेत होते.

एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले असते तर त्याच्या मागोमाग दुसरंही बोलावं लागलं असतं, गुण का कमी दिले ते, आणि मग तिसरं, मी चौदा वर्षं नेमकी काय आहे ते. आबा माझ्याकडेच बघत होते. मी म्हटलं, वांगं करपतंय. तिने ते उतरवलं. मंगळवारी मुदत संपली, आणि दिवाळीनंतर तिच्यासाठी स्थळं बघायला लागले. येणाऱ्या पाहुण्यांना ती आपण होऊन सांगते की तिला अभ्यासात फारसं डोकं नाही.