शेजारच्या सीटचा दिवा

लिफ्टवाल्यांनी गाडी घेतली ही बातमी गल्लीभर व्हायला वेळ लागला नाही, कारण गाडी गल्लीत मावतच नव्हती. एकोणीस वर्षांची, गडद निळी, लांबच लांब. कोपऱ्यावरच्या वळणावर तिला तीनदा मागेपुढे करावं लागलं आणि तेवढ्यात दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडल्या. नवी असताना असल्या गाडीत कारखान्यांचे मालक बसत. आता ती एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या पत्र्याच्या शेडमध्ये, नाक बाहेर ठेवून उभी राहिली.

"अहो, हिची सोय झाली," बायको दारातून म्हणाली. "आता आपण कुठे राहायचं?"

"बसून तरी बघ."

"आधी तुम्ही हात धुऊन या."

एकतीस वर्षं लिफ्टच्या कामात काढल्यामुळे सगळे त्यांना लिफ्टवालेच म्हणत. बायकोसुद्धा शेजारणींशी बोलताना 'आमचे लिफ्टवाले' असंच म्हणायची. गाडीचं वेड त्यांना मुळात नव्हतं. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी दोघं बस थांब्यावर उभी होती, तेव्हा समोर अशीच एक गाडी येऊन थांबली. आतून एक बाई उतरल्या आणि त्यांनी दार लोटलं. आपटलं नाही, नुसतं लोटलं. दार 'धप्प' असा एकच मऊ आवाज करून लागलं. बायको म्हणाली, "ऐकलंत? उशीवर डोकं टेकवल्यासारखं." एवढं बोलून ती विसरून गेली. लिफ्टवाले विसरले नाहीत. लिफ्टची दारं नीट लावण्यातच त्यांचा जन्म चालला होता. दाराचं कौतुक त्यांच्या कानातून जाणं शक्यच नव्हतं.

मुलगी नोकरीसाठी चार तासांच्या अंतरावरच्या गावी गेली, घर रिकामं झालं, तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं. नवी गाडी या जन्मात जमणार नव्हती. पण जुनी, लोकांनी टाकलेली, दुरुस्ती परवडत नाही म्हणून विकायला काढलेली जमली असती. दुरुस्ती आपल्या हातची असली म्हणजे झालं.

आधी त्यांनी पाच गाड्या नाकारल्या. सहावी एका निवृत्त दंतवैद्यांची होती. "या तुम्ही, मी गाडी सुरू करून ठेवतो," ते फोनवर म्हणाले. "सुरू करू नका, थंडच ठेवा," लिफ्टवाले म्हणाले, कारण तापलेलं इंजिन आपली दुखणी लपवतं. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवून ते गार असल्याची खात्री केली. मग पायाखालची अंथरणं उचलून ओल लागते का ते पाहिलं. तेलाचं झाकण उघडून वास घेतला. चारही काचा दहा-दहा वेळा वरखाली केल्या. दीड तासाने दंतवैद्य खुर्ची घेऊन बाहेरच बसले.

"मी चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावलो," ते म्हणाले, "पण इतकं कुणाच्या नाही."

गाडी घरी आली आणि कामाला सुरुवात झाली. एक बरं झालं की दुसरं डोकं वर काढी. आधी तेल गळत होतं. ते थांबलं तर मागची काच दारात जाऊन बसली, वर यायचं नाव घेईना. मग पाण्याचा पंप. लिफ्टवाले कामावरून आले की कपडे बदलून थेट शेडमध्ये जात आणि उजेड आहे तोवर तिथेच असत. रविवार तर सगळाच तिचा. स्वयंपाकघराची खिडकी शेडमध्येच उघडत होती. तिथून हाक यायची, "जेवायला येताय ना?"

"आलोच!"

हा 'आलोच' फसवा शब्द होता. म्हणणाऱ्याला वाटे, आपण निम्मे पोचलोच. ऐकणाऱ्याला वाटे, आता पाट मांडायला हरकत नाही. पण म्हणणारा गाडीखाली असे, हातात अर्धा सुटलेला नट असे, आणि तो सुटला की त्याच्यामागचा दिसे. लिफ्टवाल्यांनी कधी मुद्दाम खोटं सांगितलं नाही. दर वेळी त्यांना खरंच वाटायचं की आपण आलोच. ते आत येत तेव्हा ताट झाकून ठेवलेलं असे. "तू जेवलीस?" ते विचारत. "माझं झालं मघाशी," ती म्हणे, आणि आमटी पुन्हा गरम करायला वळे.

असं वर्ष गेलं. गाडी आता इतकी शांत चालू लागली की उभी असताना इंजिन सुरू आहे की बंद हे डॅशबोर्डकडे पाहूनच कळे. ठरलं असं, की पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या रविवारी दोघांनी गाडीने मुलीकडे जायचं. मुलीने नवं घर मांडलं होतं, तिने सुट्टी काढली, पडदे धुतले. बायकोने डब्यांची यादी केली.

आणि तेव्हाच दिवा लागला.

बायको पहिल्यांदाच ऐटीत शेजारच्या सीटवर बसली, तिने पट्टा लावला, लिफ्टवाल्यांनी किल्ली फिरवली आणि डॅशबोर्डच्या मधोमध एक छोटा पिवळा दिवा पेटला. त्याचा अर्थ असा, की या बाजूची एअरबॅग बंद आहे. गाडी कशावर आदळली तरी ती फुगणार नाही. सीटच्या खोळीखाली एक पातळ चटई असते, बसणाऱ्याचं वजन तिला कळतं. सीट रिकामी असली किंवा लहान मूल बसलं असलं, तर गाडी आपणहून एअरबॅग बंद ठेवते. मोठं माणूस बसलं की दिवा विझायला हवा.

"नीट टेकून बस बघू."

"टेकूनच बसलेय."

"जरा मागे सरक."

"आता मागे सरकले तर डिकीत जाईन!"

दिवा तसाच. लिफ्टवाल्यांनी इंजिन बंद केलं. धोक्याचा दिवा लागलेली लिफ्ट त्यांनी एकतीस वर्षांत कधी चालू ठेवली नव्हती, मग वर कुणी साहेब अडकलेला असो. हाताखालच्या माणसांना ते एकच सांगत: दिव्यावर संशय घेण्याआधी स्वतःवर घ्या. बाकी काही बिघडलेलं असतं तर त्यांनी चालवूनही घेतलं असतं. पण जी पिशवी तिच्यासाठी उघडायची तीच उघडणार नसेल, तर गाडी फाटकाबाहेर जाणार नव्हती.

"बाबा, आईला मागे बसव ना," मुलगी फोनवर म्हणाली.

"मागे?" आईने फोन ओढून घेतला. "मी काय पाहुणी आहे यांची?"

मग ती चटई तपासणं आलं. एअरबॅगच्या तारांना हात लावायचा तर आधी बॅटरी सोडवून पंधरा मिनिटं थांबावं लागतं. लिफ्टवाले घड्याळ लावून बरोबर पंधरा मिनिटं सीटकडे बघत थांबत. खिडकीतून हाक येई, ते "आलोच" म्हणत आणि सोळाव्या मिनिटाला सीटचे बोल्ट सोडवायला लागत.

कामाच्या ठिकाणाहून त्यांनी लिफ्ट तपासायची लोखंडी वजनं आणली.

"तुझं वजन किती गं?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

"हे काय विचारणं झालं?"

"गाडीला हवंय."

आतला लाटण्याचा आवाज थांबला. "बावन्न," ती म्हणाली. "नेहमीचंच."

त्यांनी सीटवर विसाची दोन, दहाचं एक आणि दोनाचं एक अशी वजनं मांडली. दिवा विझला. ती येऊन बसली. दिवा लागला. लोखंड चालतं आणि माणूस चालत नाही, म्हणजे चटई जुनी झाली, असा त्यांनी निष्कर्ष काढला. गाड्यांच्या भंगारातून दुसरी आणली. तेच. तिसरी आणायला गेले तेव्हा भंगाराच्या दुकानाची मालकीण, जिला सगळे ताई म्हणत, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काका, ही तिसरी चटई. गाडीत बिऱ्हाड करताय का?"

"आधीची खराब निघाली, ताई."

"खराब? अहो, गाडीतून काढायच्या आधी मी स्वतः बसून बघितलंय तिच्यावर. दिवा असा विझला की परत पेटायची हिंमत नाही झाली त्याची." आपल्या ऐसपैस अंगाकडे बघून ताई स्वतःच हसली. "चटया पुरे झाल्या. आता माणूस बदलून बघा!"

लिफ्टवालेही हसले. पण घरी येईपर्यंत ते वाक्य त्यांच्या डोक्यातून जाईना.

रविवार होता, दुपारची वेळ. मुलीकडे जायला आठवडा उरला होता. तिसरी चटई कागदातून न काढताच ते शेजारच्या सीटवर स्वतः बसले. दिवा विझला. उतरून त्यांनी पुन्हा बावन्न किलो मांडले. विझलेलाच. मग, कशासाठी ते स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं, पण त्यांनी दोनाचं वजन उचललं. पन्नास. विझलेला. दहाच्या जागी पाचाचं ठेवलं. पंचेचाळीस. विझलेला. पाचाचं काढून दोनाचं ठेवलं.

दिवा लागला.

बेचाळीस. लिफ्टवाले हातात पाचाचं वजन घेऊन तसेच उभे राहिले. दिवा महिनाभर खरं बोलत होता. चटई चांगली होती, तिन्ही चटया चांगल्या होत्या. गाडीला ती दिसतच नव्हती. मोठं माणूस म्हणून मोजण्याइतकी ती उरलीच नव्हती.

मग एकेक गोष्ट आठवू लागली. तिच्या अंगठीला आतून दोरा गुंडाळलेला त्यांनी पाहिला होता. पाहून वर म्हणालेही होते, "छान घट्ट गुंडाळलायस, वायरिंगला येशील." कपड्यांना लावलेल्या पिना दिसल्या होत्या. लिफ्टच्या दोरातला एक तुटका धागा त्यांना वीस फुटांवरून दिसायचा.

"जेवायला येताय ना?" खिडकीतून हाक आली.

लिफ्टवाल्यांनी वजन खाली ठेवलं, हात धुतले आणि आत गेले.

ती दचकली. "काय झालं? लागलं का कुठे?"

"नाही."

"मग इतक्यात कसे आलात?"

एकच ताट वाढलेलं होतं. त्यांनी फळीवरून दुसरं काढलं, पुसलं, शेजारी मांडलं.

"माझं झालं मघाशी," ती म्हणाली.

त्यांनी भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं. भात काठोकाठ होता, वर डावाची खूणसुद्धा नव्हती. ती पाहत राहिली, मग पदराशी चाळा करू लागली.

"दिवा बिघडलेला नाही," ते म्हणाले. "मी वजनं उतरवून बघितली. बेचाळीसला लागतो."

"मग?"

"मग बावन्न कुणाचे होते?"

"खोटं नव्हते हो सांगत," ती हळूच म्हणाली. "म्हणजे होते. तुम्ही काळजी कराल, गाडी अर्धी टाकाल. पोरगी गेल्यापासून दुपारी ताट घेऊन बसवत नाही. संध्याकाळी तुमच्याबरोबर बसेन म्हणायचं. तुम्ही 'आलोच' म्हणता. मी थांबते. थांबता थांबता भूक मरून जाते. एकटीला घास उतरत नाही, त्याला मी काय करू?"

लिफ्टवाल्यांनी तिच्या ताटात भात वाढला, जरा जास्तच.

"एवढा?"

"लोखंडाचं माहीत आहे मला. भाताचा अंदाज नाही."

तेव्हा ती हसली, आणि बसली.

दुसऱ्या दिवशी ते तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. रक्त, छाती, पोट, सगळं तपासून झालं. काही निघालं नाही. "औषध एकच," डॉक्टर लिफ्टवाल्यांकडे बघून म्हणाल्या, "आणि ते तुमच्याकडे आहे."

तिसऱ्या रविवारी दोघं मुलीकडे बसने गेली. मुलगी आधी रुसली, मग सगळं ऐकून बापाला इतकं बोलली की आईलाच मध्ये पडावं लागलं. तिथून पुढे दुपारी एक वाजता मुलीचा फोन येऊ लागला. ती तिकडे डबा उघडायची, आई इकडे ताट घ्यायची. संध्याकाळी पहिल्या हाकेला पाना खाली. शेडमध्ये काम निघतच राहिलं, पण ते जेवणानंतरचं.

दर रविवारी जेवण झालं की ती शेजारच्या सीटवर जाऊन बसे. "घ्या, करा वजन," म्हणे. दिवा लागे. "अजून लहानच आहे मी," ती म्हणे, आणि उतरे. लिफ्टवाल्यांनी चटईला पुन्हा हात लावला नाही.

चौथा महिना निम्मा झाला होता. ती बसली, पट्टा लावला. दिवा लागला, जरा रेंगाळला आणि विझला.

दोघंही त्या जागेकडे बघत राहिली.

"आत्ताच जेवलेय," ती म्हणाली. "पोटातलं धरायचं का?"

"धरायचं. जेवूनच निघत जाऊ."

"मग आज?"

"आजच. घे डबे."

डबे आले, मुलीला फोन झाला, घराला कुलूप लागलं. तिने गाडीचं दार लोटलं. आपटलं नाही, नुसतं लोटलं. धप्प. ती क्षणभर ऐकत राहिली आणि तिने नवऱ्याकडे वळून पाहिलं. म्हणजे तिलाही आठवत होतं.

गाडी फाटकाबाहेर काढून लिफ्टवाले फाटक लावायला उतरले. बिजागरी कुरकुरली. ते थांबले, वाकले, बोटाने खिळा चाचपू लागले.

"अहो, येताय ना?" काच खाली करून तिने हाक मारली.

"आलोच," त्यांच्या तोंडून गेलं.

लिफ्टवाल्यांनी जीभ चावली, बिजागरी आहे तशी सोडली आणि अक्षरशः धावत आले.