मिरचीवर ढकललेला खोकला

"टीबी आहे," छातीच्या डॉक्टर माझा रिपोर्ट बघत म्हणाल्या. "फुप्फुसांचा. औषधं पूर्ण घेतली की बरा होतो."

आईने कपाळाला हात लावला. पप्पा मात्र पुढे झुकले. "म्हंजे मॅडम, माझ्या मिरचीमुळं न्हाई?"

"मिरचीने टीबी होत नाही. जंतूंनी होतो."

पप्पांना हायसं वाटलं, ते मला दिसलं. पाठोपाठ त्याची लाज वाटली, तीही दिसली. मला भयंकर राग आला. त्यांचा नाही.

पप्पा वाशीच्या मसाला मार्केटमध्ये माथाडी आहेत, मिरचीची पोती वाहतात. आमच्या बिल्डिंगमधली निम्मी घरं साताऱ्याकडची, मार्केटवर चालणारी. तिथे खोकल्याला कुणी आजार मानत नाही. कुणी खोकलं की जिन्यातून आवाज येतो, "काय, आज बेडगी का लवंगी?"

त्यामुळे मी खोकायला लागले तेव्हा कारण तयारच होतं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही तेच उचललं. "वडील काय करतात?" आईने सांगितलं. "मग काय बघायचं!" म्हणत त्यांनी सिरप लिहून दिलं. स्टेथोस्कोप गळ्यातच राहिला. संध्याकाळी अंग गरम होतं का, भूक लागते का, काही विचारलं नाही. मी अनोळखी माणसांसमोर आपणहून बोलत नाही. पण आई आणि डॉक्टर माझ्याबद्दल बोलत होते, माझ्याशी नाही.

मग घरात पप्पांनाच वेगळं काढलं गेलं. "अवो, तितंच थांबा, पोरीला ठसका लागंल," आई दारातून ओरडायची. मिरचीची भुकटी बसलेला शर्ट ते जिन्यातच काढायचे. पुढे गॅलरीत झोपू लागले. मी खोकले की ताटावरून उठायचे. शेजारच्या काकू त्यांना ऐकवायच्या, "पोरीपेक्षा मार्केट मोठं झालं का, भाऊ?"

खोकला काही थांबला नाही. कुर्ते सैल झाले. ऑफिसात मैत्रिणी म्हणाल्या, मस्त बारीक झालीस. एके दिवशी बेसिनमध्ये रक्ताचा ठिपका दिसला, तेव्हा मीच महापालिकेच्या रुग्णालयात गेले. आधी एक्स-रे. मग स्प्युटम टेस्ट, म्हणजे खोकून काढलेल्या बेडक्याची तपासणी. बाकावर मास्क लावून बसलेल्या कितीजणांना असंच काही सोपं कारण मिळालं असेल, हेच डोक्यात होतं.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. मिरचीचा ठसका शिंका आणि डोळ्यांचं पाणी घेऊन येतो आणि तिथून लांब गेलं की थांबतो. सर्दीचा खोकला बहुतेक वेळा नाक वाहत असताना सुरू होतो आणि हळूहळू उतरतो. दम्यात, म्हणजे श्वासनलिका आवळल्या की, छातीत शिट्टी वाजते. त्रास येतो, जातो. न्यूमोनियात, म्हणजे फुप्फुसांना सूज आली की, ताप चढतो आणि श्वास भरभर होतो. तेव्हा थांबूच नका. खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला, संध्याकाळी कणकण आली, वजन उतरलं, रात्री घाम आला, तर तपासणी मागून घ्या. अंदाज बांधणं सोपं असतं, तुमच्यासाठी आणि डॉक्टरांसाठीही.

घरच्या सगळ्यांची तपासणी झाली. आई आणि पप्पा, दोघांनाही काही नव्हतं. माझी औषधं सुरू झाली.

"कुणाला सांगू नगंस," आई म्हणाली. "लग्नाचं बघायचंय."

म्हणजे मिरचीचं सगळ्या बिल्डिंगला माहीत आणि टीबीचं कुणालाच नाही. मी बरी होणार आणि पप्पांवरचा आळ मात्र तसाच राहणार. बिल्डिंगला शंका नको म्हणून ते शर्टही जिन्यातच काढत राहिले.

औषधं संपत आली होती. एका संध्याकाळी काकू जिन्यात म्हणाल्या, "बघा भाऊ, लांब राहिलात तर पोरगी कशी सुधारली!" पप्पा नेहमीसारखे खाली बघत शर्टाची बटणं काढत होते.

"काकू," मी म्हटलं. आवाज फाटला, पण निघाला. "मला टीबी झाला होता. मिरची नव्हती. पप्पांचा काही संबंध नव्हता."

काकूंनी पदर नाकाला लावला. दारात आईने डोळे मिटले.

पप्पांनी सोडलेली बटणं एकेक करून परत लावली आणि दारातल्या आईच्या शेजारून ते सरळ घरात शिरले.