चढावर घोषणा नाही

मोर्चात घोषणा द्यायला छाती लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी घोषणा दिलेली नसते. छाती काय, कुणालाही असते. लागतात डोळे, आणि तेही लोकांच्या पायांवर. वाकोल्याचा धम्मपाल सोनकांबळे सव्वीस वर्षं हेच करत आला. पोटासाठी लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि पाण्याचा, घरांचा, रेशनचा मोर्चा निघाला की सगळ्यांच्या पुढे उलटा चालायचा, तोंड लोकांकडे, पाठ पोलिसांकडे. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायांचे पाय बघून ठरवायचा, आता लांब घोषणा की आखूड. सुरुवातीला लोक चेकाळलेले असतात, तेव्हा संथ. पुलाचा चढ लागला की एकदम गप्प.

"चढावर घोषणा नाही," तो नव्या पोरांना दम भरायचा. "श्वास पायाला लागतो तेव्हा घशाने मागायचा नसतो."

आणि अगदी शेवटी, पाय घासायला लागले की घोषणाही बंद. मागे जायचं आणि एकेकाचं नाव घ्यायचं. नावाने हाक मारली की दमलेला माणूस अजून अर्धा तास चालतो. हे त्याला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं, आणि शिकवायला आलं असतं तर त्याने ऐकूनही घेतलं नसतं.

बायको त्याला अशाच एका मोर्चात भेटली. किरण तिसऱ्या रांगेत होती. "पाणी आमच्या हक्काचं," तो म्हणायचा, आणि पाचशे माणसांच्या जबाबात "नाही कुणाच्या बापाचं" हे तिचं वेगळं ऐकू यायचं. लग्नाला बावीस वर्षं झाली. चारचौघांत ती त्याला अहो म्हणायची, भांडणात तू.

दोन वर्षांपूर्वी ती इंग्लंडला गेली, मँचेस्टरजवळच्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवायला, न्हाऊ घालायला, भरवायला. इथे हॉस्पिटलात पंधरा वर्षं तिने तेच केलं होतं. नवऱ्याला, मुलीला सोबत न्यायची सोय तिच्या परवान्यात नव्हती. धम्मपाल आणि कॉलेजात जाणारी माधुरी मागे राहिले. मागच्या दिवाळीच्या सुमारास तिचा फोन आला.

"मी मॅरेथॉनला नाव दिलंय."

"कशाला?"

"धावायला. अजून कशाला देतात?"

"बेचाळीस किलोमीटर असतं ते. म्हणजे सांताक्रूझ ते विरार. कोणी मागे लागलंय का तुझ्या?"

ती हसली नाही. म्हणाली, "इथे छातीवरच्या नंबराखाली आपलं नाव छापून देतात. रस्त्याच्या कडेला माणसं उभी असतात, ती नाव वाचून हाक मारतात. ओळख ना पाळख, तरी मारतात. दीड वर्ष झालं मला इथे येऊन. खोलीतली घंटा वाजते, मी जाते. नावाने कुणी बोलवत नाही."

 धम्मपालने रागाने फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी स्वतःच लावला.

तिचे पहाटेचे साडेपाच म्हणजे आपले सकाळचे अकरा. त्या वेळी तो कुठल्यातरी बिल्डिंगच्या डोक्यावर, लिफ्टच्या मशीनरूममध्ये असायचा. फोन पत्र्याच्या पेटीवर ठेवून दोरखंडाला ग्रीस लावायचा, आणि तिकडे ती धावायची. तो बोलायचा कमी, ऐकायचा जास्त.

"डावा पाय जोरात पडतोय तुझा."

"तिथून कळतंय होय?"

"लिफ्ट बिघडली की आवाजावरनंच कळतं मला. खांदा सोड. आता बोलू नको, चढ लागलाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"बोलू नको म्हटलं ना."

जानेवारीत ती वीस किलोमीटरपर्यंत आली. तेव्हा त्याने शब्द दिला. "बत्तीसपर्यंत तू ये. शेवटचे दहा माझे. तिथनं मी आणतो तुला."

फेब्रुवारीत त्याचा आवाज बसला. हळद झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं. आवाज उठेना. हॉस्पिटलात नळी घालून बघितलं, तर स्वरयंत्रावर गाठ. काढायची, तुकडा तपासायला पाठवायचा, आणि पुढे तीन आठवडे चकार शब्द बोलायचा नाही. कुजबुज तर त्याहून वाईट, डॉक्टर म्हणाला. तारीख मिळाली मार्चच्या शेवटाची. किरणचं धावणं होतं एप्रिलात, जयंतीनंतरच्या रविवारी.

"मी पुढची तारीख मागतोय," त्याने तिला फोनवर सांगितलं.

"किती पुढची?"

"तुझं धावणं झालं की."

 "वेडा आहेस का रे तू?"

"अहो गेलं वाटतं."

"गेलं. आता ऐक. तू टेबलावर झोपला नाहीस तर मी नंबर परत करून टाकते."

"मी शब्द दिलाय, किरण."

"गळाच राहिला नाही तर शब्द ठेवशील कशात?"

चार दिवस अबोला. धम्मपालने आयुष्यात पोलिसांपुढे माघार घेतली नव्हती, बायकोपुढे घेताना त्याला फार जड गेलं. पाचव्या दिवशी तो माधुरीला म्हणाला, "आईला कळव. गुरुवारी भरती होतोय."

भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी तो बिल्डिंगच्या गच्चीवर गेला आणि फाटक्या आवाजात चाळीस मिनिटं घोषणा रेकॉर्ड केल्या. सगळ्या, एकामागून एक, जणू पुढे दहा हजार माणसं आहेत. मध्ये मध्ये तिचं नाव. ती टेप तिला पाठवून दिली. आवाज जायच्या आत शब्द पुरा केला, असं त्याला वाटलं.

ऑपरेशन झालं. तो घरी आला, गळ्यात लिहायची पाटी अडकवून. रविवारी किरणचा मेसेज आला, तो माधुरीने वाचून दाखवला. 'टेप लावून धावले. पूल चढताना तुम्ही ओरडत होता. सवयीने मी जबाब दिला, दोनदा, तीनदा. श्वास संपला. फुटपाथवर बसले. एका बाईने पाणी आणून दिलं. टेप काढून टाकली आहे. वाईट वाटून घेऊ नका.'

धम्मपाल भिंतीकडे तोंड करून झोपला. सव्वीस वर्षं पोरांना जे शिकवलं, तेच तो विसरला होता. टेपला पाय दिसत नाहीत. टेपला चढ कळत नाही. आणि आता सांगायला तोंड नव्हतं.

जयंतीची मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा तो पांढरा शर्ट घालून कडेला उभा राहिला. पुढे घोषणा देणारा नवीन पोरगा फार घाई करत होता. लोकांना जबाब पुरा करू देत नव्हता. धम्मपालची मूठ वळली, उघडली. बाया येऊन त्याला जय भीम घालत होत्या. तो नुसती मान हलवत होता.

त्या रविवारी दुपारी दीड वाजता तिकडे शर्यत सुटली. माधुरी मोबाइलवर शर्यतीच्या नकाशात आईचा ठिपका बघत होती आणि मोठ्याने सांगत होती, दहा झाले, एकवीस झाले. धम्मपाल लोखंडी खाटेवर बसून होता, हातात उगाच एक पाना. बत्तीस झाले. आता त्याची पाळी होती. पाटी हातात घेतली, ठेवून दिली.

सहाला फोन वाजला. माधुरीने स्पीकर लावला.

श्वास. नुसता श्वास, घरघरता. मग किरणचा आवाज. "पाय उचलत नाहीत. चालतेय मी. थांबावंसं वाटतंय. बोला ना काहीतरी."

ती विसरली होती. धम्मपालने तोंड उघडलं.

"पप्पा, नाही," माधुरी म्हणाली. तिने त्याच्या मनगटाला धरलं आणि स्वतःच सुरू झाली, "पाणी आमच्या हक्काचं, मम्मी, म्हण ना, पाणी आमच्या..." आवाज बारीक आणि भलताच घाईचा. धम्मपालने हात वर करून तिला थांबवलं. पाना उलटा धरला आणि खाटेच्या पायावर ठोका टाकला. थांबला. पुन्हा टाकला. संथ, म्हाताऱ्या बायांच्या पायांना झेपेल असा. फोनमधून पावलांचा आवाज येत होता, विस्कटलेला. त्या पावलांच्या जरा मागेच तो ठोका ठेवत गेला, ओढत नव्हता, ढकलत नव्हता.

मिनिटभराने पावलं ठोक्यावर पडायला लागली.

मग पलीकडून, इतकं हळू की माधुरीला वाटलं भास झाला, किरणने म्हटलं, "पाणी आमच्या हक्काचं."

आजवर तिने कधी घोषणा दिली नव्हती. ती जबाबातली बाई. धम्मपाल क्षणभर गोंधळला. मग त्याने जबाब ठोकला, जेवढे शब्द तेवढे ठोके.

"पाणी आमच्या हक्काचं," ती पुन्हा, जरा वर.

समोरच्या दारात शकुमावशी मेथी निवडत बसली होती. सत्तरीची, एकेकाळी पहिल्या रांगेतली. इथे काय चाललंय याची तिला काही कल्पना नव्हती. कानावर अर्धी घोषणा पडली, आणि मान वर न करता तिने अर्धी पुरी केली. "नाही कुणाच्या बापाचं." मग डोकं वर काढून विचारलं, "कुठं निघालाय गं मोर्चा?"

"मँचेस्टरला, मावशी," माधुरी रडत म्हणाली.

"मग हळू घ्या म्हणावं. लांब आहे."

शेजारच्या दोघी-तिघी दारात आल्या. फोनमधून अर्धी घोषणा यायची, इथून अर्धी जायची, आणि खाली ठोका. मध्येच एकदा किरण गप्प झाली. बायांनी आपणहून सुरू केलं, तर धम्मपालने पाना उगारून सगळ्यांना गप्प केलं. त्याला पावलं ऐकू येत होती. आखूड पडत होती. चढ होता.

पाच तास बावन्न मिनिटं लागली तिला.

"लोकांनी नाव घेतलं का, पप्पा विचारतायत," माधुरीने पाटी वाचून विचारलं.

"घेतलं असेल. मला कुठे ऐकू येतंय, मी ओरडत होते."

दोन दिवसांनी धम्मपाल डॉक्टरकडे गेला. मौन सुटल्यावर सगळ्यात आधी किरणचं नाव घ्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. डॉक्टरने घशात आरसा घातला आणि म्हणाला, "ई म्हणा." पहिला आवाज त्या ई मध्ये गेला.

गाठ साधी निघाली होती. "पण बोलायचं तेवढंच बोला," डॉक्टर म्हणाला. "मोर्चा, घोषणा, माइक, सगळं संपलं. पुन्हा ओरडलात तर हेही राहणार नाही." धम्मपालला त्याच्याशी भांडायचं होतं. भांडायला जो आवाज लागतो, तो डॉक्टरने आत्ताच मना केला होता.

हॉस्पिटलच्या पायरीवर बसून त्याने फोन लावला. ती कामावर चालली होती.

"किरण," तो म्हणाला. आवाज वाळूसारखा. "गाठ साधी आहे. पण डॉक्टर म्हणाला, यापुढे..."

पलीकडे पावलं थबकली, पुन्हा सुरू झाली.

"नंतर सांगा," ती म्हणाली. "आता बोलू नका. चढ लागलाय."

त्याने फोन कानाशी धरून ठेवला आणि चढ संपायची वाट बघत राहिला. डावा पाय अजून जोरात पडत होता.