टायरखालचं लिंबू

वारंगा फाट्यावर माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. दोन हजार सालच्या आगेमागे एका मोठ्या कंपनीनं प्रयोग म्हणून दोन माणसांची स्पोर्ट्स कार बनवायला घेतली. तिचा फोटो मी मासिकातून कापून दुकानात लावला आणि तेव्हापासून माझी जीभ थांबली नाही. जीपवाला असो की चहा घेऊन येणारा, सगळ्यांना एकच पारायण. "चाचणीला ह्याच रस्त्यानं येणार, बघा तुमी!"

शेजारचे टायरवाले चाचा चेष्टा करायचे. "भाऊ, दोनच सीट? मंग लेकरं काय टपावर बसवायची?"

त्यानं मला आणखी चेव यायचा. गाडी आली नाही तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, इतकं मी बोलून ठेवलं होतं.

एका दुपारी काळ्या कापडानं आणि चिकटपट्ट्यांनी झाकलेली एक गाडी खरंच समोरच्या ढाब्यावर थांबली. कंपनीची माणसं जेवायला आत गेली. मला दम निघेना. बायकोला हाक मारून पूजेचं ताट आणायला लावलं. आमच्या फाट्यावर नवी गाडी पूजेशिवाय पुढं जात नसे.

"अहो, त्यांना इचारलं का?" ती म्हणाली.

"त्याच्यात काय इचारायचं? आपलीच हाय ती!"

सगळा फाटा गोळा झाला. बायकोनं बॉनेटवर हळदकुंकू लावलं, मी नारळ फोडला आणि मागच्या टायरखाली लिंबू ठेवायला वाकलो. तिथं कापडाखालून मागच्या दाराची मूठ वर आलेली दिसली. दोन माणसांच्या गाडीला मागचं दार कुठून असणार?

तेवढ्यात हात पुसत एक तरुण इंजिनिअर बाहेर आला. कुंकू पाहून तो हसला. "काका, ही साधी घरगुती गाडी आहे."

"आणि ती स्पोर्ट्स कार?"

"ते काम तर केव्हाच बंद झालं."

तो सहज बोलला, पण सगळ्यांसमोर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लिंबू चिरडून गाडी नांदेडकडं निघून गेली. आता चाचा हसतील म्हणून मी वाट बघत उभा राहिलो. ते हसले असते तर मीही हसून मोकळा झालो असतो. कोणीच हसलं नाही, आणि त्याचीच जास्त लाज वाटली.

बायकोनं खोबऱ्याचे तुकडे केले आणि ती दुकानादुकानांत वाटत निघाली. प्रसाद हातावर पडला की "कोणाची गाडी?" असं विचारायची आमच्याकडं रीतच आहे. त्या दिवशी सगळ्यांनी हात पुढं केले, विचारलं मात्र एकानंही नाही. चाचांनी तुकडा तोंडात टाकला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "गोड हाय, भाऊ."

मी मान खाली घालून माझा तुकडा चघळत राहिलो.