यशवंत सरायनं माही पट्टी उतरवली

यशवंत सरायची आणि माही पहिली ओळख म्हणजे भांडणच. सर बोथच्या मराठी शाळेत नवीन बदलून आले होते. पोरं शाळेत धाडा म्हणून सांगायले आमच्या गावी आले, तेव्हा मारुतीच्या ओट्यावर आमचं भजन चालू होतं. सर सायकल धरून रस्त्यावर उभे राहिले. भजन संपलं तसे माह्यापाशी आले अन् म्हणाले, "भाऊ, गळा चांगला हाय. पण धैवत पोचून नाही राह्यला."

मी म्हटलं, "धैवत कोण?"

"वरचा ध. तुमी त्याच्या अलीकडेच थांबता अन् पोचलो म्हणून सांगता."

माह्यापेक्षा दहा वर्षानं लहान माणूस, अन् चार लोकायसमोर मले असं बोलले! मी म्हटलं, "मास्तर, तुमी पोट्टे शिकवा. गाणं मी पाहतो." सर हसले अन् सायकलवर बसून गेले. पण रात्री आंथरुणात मी हळूच ध लावून पाह्यला. नाहीच पोचला.

हे मले कोणीच कधी सांगितलं नव्हतं. बाप भजनात पुढं गात होता, बापामागं मी. आमची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी. पेटीची जी पट्टी सा धरून गायचं, ती गाणाऱ्याची पट्टी. इकडे भजनी लोक पट्टीवरूनच माणूस मोजतात. जितकी वर, तितका मर्द. बाप काळी चारवर गाये, म्हणून मी काळी चारवर. बापाचा गळा वेगळा, माहा वेगळा, हे डोक्यातच आलं नाही.

शेवटी मीच सरायले म्हटलं, मले शिकवा. बाजाराच्या दिवशी मी वांगी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बोथले जायचो. माल खपला की रिकाम्या टोपल्या घेऊन सरायच्या ओसरीवर. सरायनं मले भूप दिला. पाच सुरायचा राग: सा, रे, ग, प, ध. म आणि नी लावायचे नाहीत. पण सवयीचं बोट आपोआप म वर जाये. सरायनं काय करावं? त्या दोन सुरायच्या पट्ट्यायखाली आगपेटीच्या काड्या खुपसल्या. "दाबा आता!" पेटी गप झाली, पण गळ्यात काड्या कशा खुपसणार? सर म्हणत, "भाऊ, प वरून ग वर येता येता म ले नमस्कार करून येता. तो या घरातला नाही. सरळ या." एक ओळ शंभरदा म्हणून घेत. चिडत नव्हते. चिडायचो मीच.

आमच्या मंडळीतले म्हातारे गणपतबुवा झांज वाजवत. ते मले म्हणाले, "किसन्या, मास्तर कोणत्या मोहल्ल्यातले, ठाऊक हाय ना?"

म्हटलं, "ठाऊक हाय. पेटी त्याइच्यासारखी दुसऱ्या मोहल्ल्यात कोणी वाजवत असन तर सांगा, तिकडे जातो."

सरायचे वडील लोकायच्या वावरात राबले. सर पौर्णिमेले आपल्या विहारात वंदना म्हणतात, आमच्या देवळात कधी आले नाहीत. मी एकदा बोलावलं, तर साफ बोलले, "मी सुरासाठी शिकवून राह्यलो भाऊ, देवासाठी नाही. देवाचं तुमचं तुमी पाहा." मले हे आवडलं. तोंडदेखलं काही नाही.

मंग बोथले भजनायचा मोठा मेळा ठरला. गावोगावच्या मंडळ्या येणार. मी जोरात मेहनत धरली अन् एका सकाळी गळ्यातून आवाजच निघेना. थुंकीत रक्त. सरायले कळलं, तसे रजा टाकून मले बसनं आदिलाबादले घेऊन गेले. डॉक्टर तेलुगू. ते अन् सर बोलत राहिले, मी दोघायची तोंडं पाहत राहिलो. बाहेर आल्यावर कसंबसं कुजबुजत विचारलं, "काय म्हणते डॉक्टर?" दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, काही नाही, होईन बरं. सर म्हणाले, "गळ्यात गाठ धरून राह्यली. असंच वर ताणलं तर आवाज जाईन, अन् गेलेला येत नाही." डॉक्टरनं बोलायची मनाई केली होती.

महिनाभर तोंड बंद. तरी सरायनं बाजाराचा दिवस चुकू दिला नाही. ते गायचे, मी नुसती पेटी धरायचो. आवाज आला तेव्हा सरायनं माहं बोट उचलून काळी एकवर ठेवलं. "तुमचा सा इथं."

"सर, हे तर झोपेत बडबडल्यासारखं वाटते. लोक हसतीन."

"हसू द्या. राग उंचीत नसते भाऊ. सा कुठंबी ठेवा, सा पासून ग जितका दूर, तितकाच दूर राहते. हे अंतर पाळलं की भूप. बापाची पट्टी बापापाशी राहू द्या."

मेळ्यात आमची पाळी आली. आमच्या आधीचे सारे काळी चार, काळी पाच. गणपतबुवायनं मागून गुडघा टोचला, "किसन्या, बापाची पट्टी सोडशीन तर गावाचं नाक जाईन." सर समोरच बसले होते. मी त्याइच्याकडे पाह्यलं. हात नाही, मान नाही, डोळ्याचा इशारासुद्धा नाही. मंग मीच बोट खाली आणलं. काळी एक. पेटी वाजली तसं कोणीतरी ओरडलं, "पेटीले ताप आला काय हो?" मंडप हसला. मी सा धरला अन् भूपातला अभंग उचलला. म नाही, नी नाही. अन् ध लागला. ताणलेला नाही, चोरलेला नाही, पुरा लागला. हसणारे कधी थांबले ते मले समजलं नाही. बुवा रुसून बसले होते, त्याइची झांज मागून हळूच सुरू झाली.

बक्षीस दुसऱ्या गावाले गेलं. परतीच्या बैलगाडीत बुवा म्हणाले, "पट्टी खाली गेली रे, पण अभंगात काय लिहेल हाय ते आज समजलं."

मी नंतर सरायले विचारलं, "तुमी इशारा काऊन केला नाही?"

"गळा तुमचा," सर म्हणाले. बस.

आता सर साठीचे झाले, मी सत्तरीचा. त्या मेळ्यात काळी पाचवर गाजलेले माह्या वयाचे गडी आता झांजेवर बसतात. मी अजून पुढं गातो. आवाज शाबूत हाय, अन् तो सरायनं राखला हाय. यापेक्षा मोठं काही मले लिहिता येत नाही.

सरायच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात हार-नारळाचं बाकीचे पाहून घेतीन. सरायले सांगणं एवढंच: तब्येत सांभाळा, थंडीत मफलर बांधा, शाळा सुटली म्हणून घरात बसू नका. दुर्गा राग आपला आता कुठं सुरू झाला हाय. माह्या चालीनं तो पुरा व्हायले पंधरा-वीस वर्षं लागतीन. तोवर तुमाले धडधाकट राहाच लागन, सर. मी बाजाराच्या दिवशी येतो.