फोनमधलं विमान

“अगं, दुबई कसली? येरवडा म्हण, येरवडा!”

आमच्या संस्थेच्या कार्यक्रमाला आलेल्या पाहुण्या बाई माइकवरून असं म्हणाल्या आणि सदाशिव पेठेतला तो हॉल हसला. फार मोठ्याने नाही. सभ्य माणसं हसतात तसा.

स्टेजवर नऊ वर्षांची आफरीन उभी होती. वडील कुठे असतात, असं तिला विचारलं होतं. “अब्बू दुबईला आहेत,” असं तिने खणखणीत सांगितलं होतं. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या अम्मीने तिला तेवढंच सांगितलं होतं, आणि मला हात जोडून गप्प राहायला सांगितलं होतं.

मी तिच्या शेजारीच उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं. “आपा, अब्बू दुबई में हैं ना?”



आई किंवा वडील तुरुंगात आहेत अशा मुलांसाठी आमची संस्था काम करते. एकेका मुलाला एकेक मोठं माणूस जोडून देते. आफरीन माझ्या वाट्याला आली. दर रविवारी मी हडपसरहून बस बदलत विश्रांतवाडीला तिच्या घरी जाते. गणितं करून घेते, कधी तिच्या केसांना तेल लावते. मीही अशीच मुलगी होते. माझे अब्बाही आत होते. तालुक्याच्या शाळेत ‘जेलवाल्याची’ हेच माझं नाव होतं. मला पुण्यात आणलं, कॉलेजात घातलं ते याच संस्थेने. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे उपकार मी नाकारत नाही.

म्हणून तर दरवर्षी या कार्यक्रमात मी आभार मानायला उभी राहते. तशी रीतच आहे. आधी कुणीतरी माझ्या अब्बांचा गुन्हा सांगतं, मग मी हात जोडते.

“आणि ही ताई,” बाई म्हणाल्या, “हीसुद्धा तसल्याच घरातली बरं का! पण बघा, आज कंपनीत आहे. बोल, दोन शब्द बोल.” माझ्या खांद्यावर शाल आली.

तसल्याच घरातली.

मी माइक घेतला. पाठ केलेलं सगळं उडालं. म्हणाले, “या मुलीला माहीत नव्हतं. आत्ता तुम्ही सांगितलंत. तिच्या वडिलांचा खटला अजून सुरूही झालेला नाही.”

पहिल्या रांगेतले एक आजोबा शांतपणे म्हणाले, “आज ना उद्या कळणारच होतं की.”

शाल खुर्चीवर ठेवली. आफरीनचा हात धरून खाली उतरले. कुणी अडवलं नाही. मागे पुढच्या मुलाचं नाव पुकारलं गेलं.

बसमध्ये ती रडली नाही. विश्रांतवाडीला उतरलो तेव्हा डोक्यावरून विमान गेलं. मान वर करून ती म्हणाली, “अब्बूंचा फोन यायचा ना, तेव्हा फोनमध्येही विमान वाजायचं. लगेच आमच्या पत्र्यावरून जायचं. मला वाटायचं, दुबईहून किती लवकर आलं.”

येरवड्याचा तुरुंग तिथून जेमतेम दोन-तीन किलोमीटर. विमान तेच.

अम्मीने दार उघडलं. लेकीचा चेहरा बघितला आणि खाली बसली.

खटला लवकर उभा करणं माझ्या हातात नाही. पोरीच्या कानातून ते हसणं काढणंही नाही. रविवारी मात्र मी त्या घरी जाणार. संस्थेने यादीतून माझं नाव काढलं तरी जाणार. त्या स्टेजवर मी पुन्हा चढणार नाही, आणि माझं बोट धरून कुणाचं लेकरू चढणार नाही. उपकार माझ्यावर झालेत. ते मी फेडीन. आफरीनच्या बापाला चारचौघांत उभं करून नाही.