सावडीतली माझी पात

मुरबाडच्या लॅबमधला रिपोर्ट मी उभ्या उभ्याच वाचला. थायरॉइड नॉर्मल. गोळी सुरू होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. डॉक्टरांना म्हटलं, हातपाय जड वाटतात, केस मूठमूठ गळतात, दुपारी बारालाच डोळे मिटतात. त्यांनी पुन्हा कागद पाहिला आणि म्हणाले, "डोस बरोबर आहे, थोडा व्यायाम करा." भातशेती करणाऱ्या बाईला व्यायाम! जीपमध्ये बसेपर्यंत मला हसू येत होतं. जीप सुटल्यावर रडू आलं.

घरी मात्र आनंदीआनंद. नवरा वाशिंदच्या कारखान्यातून आला तो आधी रिपोर्ट वाचायला बसला. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. माझं तोंड सुजलेलं होतं, आवाज घोगरा झाला होता. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण घरातले सगळे कागदच बघत होते. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. माझा मुंगीच्याच पावलांनी आला होता आणि जायचं नाव घेत नव्हता.

पुढची चूक मात्र माझी. त्याच आठवड्यात लावणीची सावड ठरत होती. सावड म्हणजे आज सगळ्या बायका तुझ्या शेतात, उद्या तू त्यांच्या. दिवसाचा हात दिवसाच्या हातानंच फेडायचा, पैसे कोणी घेत नाही. आदल्या वर्षी मी आजारी म्हणून घरात होते. शेजारीच वेगळी राहणारी जाऊ म्हणाली, "यंदा पन रऊ दे गो."

"कशाला? रिपोर्ट नॉर्मल हाय माझा," मी तोऱ्यात म्हणाले आणि सहा घरांना शब्द देऊन बसले. मला बरं व्हायचं होतं म्हणण्यापेक्षा त्या बायकांच्या रांगेत परत उभं राहायचं होतं. थट्टा, उखाळ्यापाखाळ्या, एकमेकींच्या सासवांची नक्कल, सगळं तिथंच चालतं.

पहिला दिवस कसाबसा निभावला. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीनं आपापली पात, म्हणजे आपल्या वाटणीचा पट्टा, धरली. लावणीत रोपं खोचत मागं सरकायचं असतं. सगळ्या मागं सरकत बांधापाशी पोचल्या, मी मध्येच अडकलेली. हातात रोपांची जुडी होती आणि बोटं उचलत नव्हती. डावीकडची बाई न बोलता माझ्या पातीत रोपं खोचू लागली. बोलली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी मी बांधावर बसले ती उठलेच नाही. "तू चा ठेव गो," सगळ्यांत मोठी बाई म्हणाली. चहा ठेवायचं काम म्हाताऱ्यांचं. मला एकोणचाळिसावं चालू होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "रिपोट तं चांगला आलाय म्हनं." त्या रात्री मला स्वतःचीच शंका आली. खरंच मी ढोंगी तर नाही? आळशी तर नाही? दुखण्यापेक्षा ही शंका जास्त खाते, हे मी आज ठामपणे सांगू शकते.

उरलेल्या घरांच्या लावणीला मी गेलेच नाही. आमच्या शेताची पाळी आली तेव्हा कोणी येणार नाही असं धरून नवऱ्याला बाहेरून मजूर बघायला सांगितलं होतं. पण सकाळीच सहाही घरच्या बायका आल्या. दुपारपर्यंत शेत लावून झालं. त्या पाय धूत होत्या तेव्हा मी म्हटलं, "राहिलेले दिस मी कापनीला फेडीन."

मोठीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "नको गो. तुझं नाय धरायचं."

ज्यांचं धरत नाहीत अशी घरं आमच्याकडे असतात. एकटी म्हातारी असेल, त्या वर्षी कुंकू पुसलेली असेल, तिचं शेत सगळ्या मिळून लावतात आणि फेडून घेत नाहीत. मीही अशांची शेतं लावली आहेत आणि घरी येऊन समाधानानं जेवले आहे. त्या बायकांना जेवण गेलं का, हे कधी मनात आलं नाही.

पुढच्या वर्षी सावड ठरली तेव्हा मला कोणी विचारलं नाही. आमचं शेत मात्र सगळ्यांत आधी लावून दिलं.